बडबड्या नक्की कोण? इंग्रजीतले सात शब्द आणि गाइडमधला एकच अर्थ

फळा_आणि_खडू | मंगळवार, रात्री ९:१०

स्पर्धा परीक्षांच्या इंग्रजीचे वर्ग घेतो. मुलांच्या हातात जी गाइडं असतात, त्यांतल्या समानार्थी शब्दांच्या पानांवर माझा जुना राग आहे. एक पान तर असं: डावीकडे टॉकेटिव्ह, चॅटी, लोक्वेशस, गॅरुलस, व्हॉल्युबल, व्हर्बोस, प्रोलिक्स. उजवीकडे सातही जणांपुढे 'बडबड्या, वाचाळ'. छापणाऱ्याची शाई वाचली, बाकी काही साधलं नाही.

परवा वर्गात एका मुलीने विचारलं, "सर, गॅरुलस आणि लोक्वेशस दोन्ही पर्यायांत आले तर टिक कशावर मारायची?" रास्त प्रश्न आहे. नुसतं पाठ केलेल्याला तिथे देवाचं नाव घेऊनच टिक मारावी लागते.

माझं म्हणणं असं की थोडी बडबड, मध्यम बडबड, अति बडबड अशी ही चढती भाजणी नाहीच. बोलणाऱ्याने किती शब्द काढले यापेक्षा ऐकणाऱ्याची तक्रार काय आहे, ते हे शब्द सांगतात. आणि तक्रारी वेगवेगळ्या आहेत.

टॉकेटिव्हमध्ये तक्रारच नाही, नुसती नोंद आहे. दोन घोट पोटात गेले की एरवी घुमा असलेला माणूसही टॉकेटिव्ह होतो. शाळेच्या प्रगतिपुस्तकात हा शब्द बोचतो, कारण तिथे तास चालू असतो; दोष जागेचा. चॅटी त्याहून मोकळा, आपुलकीचा. माणूस चॅटी असतो तसं पत्रही चॅटी असतं: कोणाचं लग्न ठरलं, कोणाच्या दारातल्या आंब्याला मोहोर आला, असलं सगळं.

लोक्वेशस म्हणजे बोलण्याची हौस असलेला. लॅटिनमध्ये 'लोक्वी' म्हणजे बोलणे. इलोक्वन्ट, सोलिलोक्वी, कलोक्वियल ही सगळी त्याच घरची मंडळी. शब्द पुस्तकी आहे आणि वापरणाऱ्याच्या ओठांवर किंचित हसू असतं. लोक्वेशस माणूस बरं बोलत असण्याची शक्यता असते. निदान त्याची स्वतःची तशी खात्री असते.

गॅरुलसमध्ये मात्र ऐकणारा दमलेला आहे. विषय क्षुल्लक, गाडी रुळावरून कधीच उतरलेली, आणि समोरच्याने दोनदा घड्याळ पाहिलं हे बोलणाऱ्याच्या गावीही नाही. इंग्रजीत म्हातारपणाला हे विशेषण वारंवार चिकटतं ते त्यामुळेच.

व्हॉल्युबल हा ओघाचा शब्द. मूळ धातूचा अर्थ गरगर फिरणे, गुंडाळणे. रिव्हॉल्व्हर त्यातूनच आलं, आणि पुस्तकाचा व्हॉल्यूमही, कारण जुनं पुस्तक म्हणजे गुंडाळी. न अडखळता, भराभर बोलणारा तो व्हॉल्युबल. गंमत म्हणजे हा स्वभाव असेलच असं नाही. महिनोन्महिने कोणाशी न बोलणारा शेजारी पार्किंगवरून भांडताना व्हॉल्युबल होऊ शकतो.

व्हर्बोसचा हिशेब वेगळा: मजकूर किती आणि त्यासाठी खर्चलेले शब्द किती. प्रोलिक्सची तक्रार लांबीची. तपशिलाला तपशील जोडत माणूस संपतच नाही. हे दोन्ही शब्द लिखाणाला अगदी सहज लागतात. म्हणून वर्गात मी एक कसोटी देतो: गॅरुलस म्हणायला माणूस समोर बसलेला लागतो, व्हर्बोस म्हणायला त्याचा अर्ज पुरतो. अर्जदार प्रत्यक्षात मुखदुर्बळ असला तरी चालतो.

मराठीत यांना नेमके जोड सापडतात का, हा माझा खरा प्रश्न. या मंडळी, सांगा.

---

कट्ट्यावरचा_कोपरा | ९:२२

विषय बघता प्रतिसाद लांबलचक येणार यात शंका नाही. चहा टाकलाय. वाचतोय.

---

लॉगफाईल | ९:४१

मास्तर, लेख आवडला. आमच्या धंद्यात, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये, यातले दोन शब्द रोजच्या वापरात आहेत आणि त्यांत कोणी गफलत करत नाही. तेवढं लिहितो.

एखादी कमांड चालवताना 'व्हर्बोस मोड' लावला की ती काय काय करतेय ते ओळीओळीने सांगत बसते: ही फाईल उघडली, ती वाचली, इथे थांबले. एरवी मुकाट्याने काम करते. जावा भाषेला लोक व्हर्बोस म्हणतात, कारण एवढीशी गोष्ट सांगायला चार ओळींचा मानपान करावा लागतो.

चॅटी मात्र वेगळा. दोन सिस्टिम एकमेकींशी बोलताना एका कामासाठी पन्नास छोट्या छोट्या विनंत्या पाठवत असतील तर ते चॅटी. "नाव दे." "घे." "आता आडनाव दे." "घे." "आता पिनकोड." प्रत्येक निरोप इवलासा, पण खेपा इतक्या की लांबच्या नेटवर्कवर जीव जातो. विंडोजची जुनी फाईल-शेअरिंगची पद्धत यासाठी बदनाम होती: ऑफिसातल्या ऑफिसात ठीक, पण सर्व्हर दुसऱ्या देशात असला की फोल्डर उघडेपर्यंत चहा पिऊन या.

म्हणजे व्हर्बोस = एका निरोपात शब्द फार. चॅटी = निरोपच फार. एखादी सिस्टिम चॅटी असून अजिबात व्हर्बोस नसते, आणि उलटही असतं. माणसांनाही हे लागू पडतं. आमची एक सहकारी दिवसातून वीस मेसेज टाकते, प्रत्येक तीन शब्दांचा. आमचे साहेब आठवड्याला एक मेल टाकतात, पण ती उघडायच्या आधी पाण्याची बाटली जवळ घ्यावी लागते.

---

तिसरा_मजला | १०:०५

ही सगळी पात्रं एकाच वेळी बघायची असतील तर आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला या. गच्चीवर, प्लास्टिकच्या खुर्च्या, समोसा आणि फ्रूटी सभेनंतर (आधी दिली तर कोरम राहत नाही).

अध्यक्ष लोक्वेशस. "बंधूभगिनींनो" म्हणून माईक हातात घेतात तेव्हा चेहरा उजळतो. माईक बंद पडला तरी बोलतात. पण ऐकायला वाईट नाही, मध्ये एखादा विनोदही होतो.

खजिनदारांचा अहवाल व्हर्बोस. "सदर आर्थिक वर्षामध्ये पाण्याच्या टाकीच्या साफसफाईच्या संदर्भामध्ये करण्यात आलेल्या खर्चाच्या बाबतीमध्ये" एवढं झाल्यावर आकडा येतो, ४,२०० रुपये. प्रत्यक्षात हा गृहस्थ लिफ्टमध्ये 'नमस्कार'च्या पुढे जात नाही. त्यामुळे तुमची अर्जाची कसोटी तंतोतंत पटली.

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी पार्किंगच्या विषयावर व्हॉल्युबल. वर्षभर शांत. "माझ्या जागेत कोणी गाडी लावली" या वाक्यापासून श्वास न घेता सहा मिनिटं.

आणि काका. पाण्याची टाकी म्हटल्याबरोबर काका १९७२ च्या दुष्काळात जातात. तिथून सुकडी, सुकडीवरून तेव्हाचे मुकादम, मुकादमावरून मेव्हणे, मेव्हण्यांवरून मेव्हण्यांची अँजिओप्लास्टी. सेक्रेटरी "काका, टाकीचं..." म्हणतो, काका हात वर करून "तेच सांगतोय" म्हणतात. टाकी परत येत नाही. हे गॅरुलस, आणि याला दुसरा शब्द लागूच शकत नाही.

तरी एक सांगतो. काका नसले की सभा अर्ध्या तासात संपते आणि कोणालाच बरं वाटत नाही.

---

रानवाटा | १०:३०

पक्ष्यांचा नाद असल्यामुळे गॅरुलस शब्द मी माणसांच्या आधी पक्ष्यांत शिकले. हिमालयात 'जे' नावाचे पक्षी दिसतात, कावळ्याचे रंगीत भाऊबंद, त्यांच्या गटाचं (जीनसचं) शास्त्रीय नावच गॅरुलस. त्यातला युरोपापासून आशियाभर पसरलेला जो 'जे' आहे तो गॅरुलस ग्लँडेरियस, म्हणजे ओकची फळं खाणारा बडबड्या. बऱ्याच लाफिंगथ्रश पक्ष्यांचा गट गॅरुलॅक्स. युरोपीय नामकरणकर्त्यांच्या कानाला जे जे किलबिलाटाच्या पलीकडे गेलं, त्याला त्यांनी हे लेबल लावलेलं दिसतं.

आपल्या अंगणातलं उदाहरण म्हणजे सातभाई. इंग्रजीत यांना जंगल बॅबलर म्हणतात, बॅबल म्हणजे अर्थहीन बडबड. टोपणनाव मात्र 'सेव्हन सिस्टर्स'. आपण भाऊ म्हणालो, इंग्रजीने बहिणी केल्या, आणि एवढ्या कलकलाटाला बहिणीच का सुचल्या हे मी इथल्या पुरुषमंडळींवर सोडते.

पण मास्तर, तुमच्या हिशेबाने सातभाई गॅरुलस नव्हेतच. थवा पाचोळा उलटसुलट करत किडे शोधत असतो, प्रत्येकाची मान खाली, आणि त्या अखंड आवाजामुळे कोण कुठे आहे ते सगळ्यांना कळत राहतं. शिक्रा दिसला की आवाजाची जातच बदलते. म्हणजे प्रत्येक निरोपाला काम आहे. लॉगफाईल यांच्या भाषेत सातभाई चॅटी आहेत.

---

लॉगफाईल | १०:३४

सातभाई चॅटी प्रोटोकॉल! हे उद्या मीटिंगमध्ये वापरणार.

---

सडेतोड_बंडू | १०:४८

एवढा काथ्याकूट कशाला? सरळ आहे. जो जास्त बोलतो तो पुरुष असेल तर इलोक्वन्ट, आणि बाकी सगळे शब्द बायकांसाठी. विज्ञानानेच सिद्ध केलंय, बायका दिवसाला २०,००० शब्द बोलतात आणि पुरुष ७,०००. (ह. घ्या.)

---

मेघना_मावशी | ११:१५

बंडूभाऊ, हलकं घेतलं, पण आकडा तसाच सोडवत नाही.

ती २०,००० आणि ७,००० ची जोडी वर्तमानपत्रांतून भरपूर फिरली, पण तिच्यामागे धड मोजणी नव्हती. मोजणी झाली ती २००७ साली 'सायन्स' नियतकालिकात आली. अमेरिका आणि मेक्सिकोतल्या ३९६ विद्यार्थ्यांच्या अंगावर छोटा रेकॉर्डर दिला होता, तो दिवसभर अधूनमधून आपोआप चालू व्हायचा. सरासरी आली: बायका १६,२१५ शब्द, पुरुष १५,६६९. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने नगण्य. आणि त्यातले सगळ्यात जास्त बोलणारे तिघे पुरुष निघाले.

आता तुमचं पहिलं वाक्य. ते विनोदात म्हणालात, पण खरं तेच आहे आणि मास्तरांच्या मुद्द्याला ते धरूनच आहे. तक्रार ऐकणाऱ्याची असते म्हटलं, की ऐकणारा कोण हेही बघावं लागतं. गॉसिप या शब्दाचंच बघा. जुन्या इंग्रजीत तो 'गॉडसिब' होता, म्हणजे बाप्तिस्म्याच्या नात्याने जोडलेला, धर्माचा आई किंवा बाप. पुढे बाळंतिणीपाशी जमणाऱ्या जवळच्या बायकांना तो लागला, आणि तिथून त्या बायका काय बोलत असतील त्याला. आतल्या खोलीत काय चाललंय ते बाहेर ऐकू येत नव्हतं, म्हणून ते फालतू ठरलं.

मराठीत तरी काय वेगळं? 'वटवट सावित्री' आहे, 'वटवट सत्यवान' कोणी ऐकलाय का?

---

सडेतोड_बंडू | ११:१९

मावशी, शरणागती. वटवट सत्यवान हा आयडी मी घेतो.

---

अमरकोशी | ११:५०

मराठी जोडांचा प्रश्न आहे तर जरा मागे जाऊन बघू, कारण आपल्याकडे ही छाननी फार आधी झालेली आहे.

पाणिनीने अष्टाध्यायीत 'वाच्' शब्दावरून दोन सूत्रं लागोपाठ दिली आहेत. ५.२.१२४ ने 'वाग्मी' बनतो. लगेच पुढच्या ५.२.१२५ ने 'वाचाल' आणि 'वाचाट' बनतात, आणि सूत्रातच अट घातली आहे: 'बहुभाषिणि', पुष्कळ बोलणारा या अर्थी. त्यावर वार्तिककाराने, म्हणजे सूत्रांवर पुरवणी टिपा लिहिणाऱ्याने, आणखी टाचणी लावली की हे निंदेच्या अर्थी समजावं. म्हणजे पुष्कळ बोलूनही चांगलं बोलणारा असेल तर त्याला वाचाल म्हणू नका, तो वाग्मीच.

अमरकोशात तर एका ओळीपाठोपाठ दुसरीत सगळी पंगत बसवली आहे. वाग्मी आहे, 'वावदूक' आहे (पुष्कळ बोलणारा, पण बोलण्यात पटाईत), आणि मग जल्पाक, वाचाल, वाचाट, ज्यांचं बोलणं पुष्कळ आणि निंद्य. मास्तर, लोक्वेशसला जोड हवा असेल तर वावदूक घ्या. गॅरुलसला जल्पाक. दोन्ही शब्द आज कोणाच्या तोंडी नाहीत ही अडचण आहेच, पण लोक्वेशस तरी कोणाच्या तोंडी आहे?

अवांतर: 'मूकं करोति वाचालं' आपण सगळ्यांनी लहानपणी म्हटलंय. देवाच्या कृपेने मुका वाचाळ होतो. तिथे निंदा कुठे आहे? मुका अचानक बोलू लागला तर त्याने थोडी जास्त बडबड केली तरी चालेल, असं म्हणणाऱ्याला वाटलं असावं.

---

थेम्सकाठी | बुधवार, पहाटे ३:३०

इथे अजून रात्रच आहे. बरीच वर्षं इंग्लंडात आहे, म्हणून थोडा विरोध नोंदवतो.

लेखातला फरक बरोबर आहे, पण तो कागदावरचा. ऑफिसात मी कोणालाही 'ही इज लोक्वेशस' म्हणताना ऐकलेलं नाही, गॅरुलस फार तर मृत्युलेखात. जिवंत माणसांसाठी इथे वेगळी टोपली आहे आणि बारकावे तिथे आहेत. 'नॅटर' म्हणजे दोन ओळखीच्यांनी कुंपणावरून मारलेल्या गप्पा, शब्दात ऊब आहे. 'रॅबिट ऑन' म्हणजे लावलेली टकळी. ससा कुठून आला विचाराल तर लंडनच्या कॉकनी लोकांच्या यमकी बोलीत 'टॉक'ला 'रॅबिट अँड पोर्क' म्हणायचे, त्यातलं पोर्क गळलं. 'गॉबी' मात्र जपून वापरा. गॉब म्हणजे तोंड, आणि गॉबी म्हणजे नुसता बोलका नव्हे, तर मोठ्या आवाजात, न विचारता, वर तोंड करून बोलणारा. चाबरा, तोंडाळ. पोरगी वर्गात चॅटी आहे असं शिक्षिका म्हणाली तर हसायचं. गॉबी म्हणाली तर घरी जाऊन पोरीशी बोलायचं.

आणि शेजारच्या आजोबांबद्दल सगळे म्हणतात, हा गाढवाचे मागचे पाय गळून पडेपर्यंत बोलेल. गाढवाने काय घोडं मारलंय कोण जाणे.

तेव्हा मास्तर, मुलांना परीक्षेसाठी लोक्वेशस शिकवा, पण इकडे येणार असतील तर नॅटर आणि गॉबी आधी.

---

फळा_आणि_खडू | सकाळी ७:१५

थेम्सकाठी, मान्य. माझ्या विद्यार्थ्यांना गाठायचं आहे ते टेम्सचं पाणी नव्हे, कट-ऑफ. पण गॉबी घेतला वहीत.

अमरकोशी, वावदूक आणि जल्पाक फार आवडले. मुलांसमोर काढले तर मात्र मलाच वाचाट म्हणतील.

मावशींच्या प्रतिसादावर रात्रभर विचार केला. ऐकणारा कोण, हा भाग माझ्या मांडणीत आला नव्हता, तो आता वर्गात घेणार.

---

काळा_डगला | सकाळी ८:४०

प्रोलिक्सला सगळ्यांनी एका ओळीत निकालात काढलंय. वकील म्हणून हा आमच्या घरचा शब्द, तेव्हा त्याची बाजू मांडतो.

आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेत (१९०८), आदेश ६ नियम २ मध्ये स्पष्ट आहे की दावा किंवा कैफियत यात फक्त महत्त्वाची तथ्यं द्यावीत आणि तीही थोडक्यात. पुरावा तिथे लिहीत बसू नये. प्रत्यक्षात काय येतं हे कोर्टात बसलेल्या कोणालाही विचारा. भावाभावांच्या वाटणीच्या दाव्यात पहिली दोन पानं पणजोबांच्या स्वभावावर.

यावर इंग्लंडात १५९६ साली दिलेला हुकूम प्रत्येक ज्युनिअरला सांगावा असा आहे. मायलवर्ड विरुद्ध वेल्डन, चान्सरी कोर्ट. वादीच्या बाजूने १२० ताव भरून प्रत्युत्तर दाखल झालं. कोर्टाने म्हटलं, हे १६ तावांत बसलं असतं. चौकशीत निघालं की हे वादीच्या मुलाने लिहिलंय. हुकूम असा: फ्लीट तुरुंगाच्या अधिकाऱ्याने त्या मुलाला वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये आणावं, त्या बाडाच्या मधोमध भोक पाडावं, त्यातून त्याचं डोकं घालावं, लिहिलेली बाजू बाहेर दिसेल अशा बेताने बाड खांद्यांवर लोंबू द्यावं, आणि कोर्टं चालू असताना उघड्या डोक्याने त्याला हॉलभर फिरवावं. वर १० पौंड दंड राणीला, शिवाय प्रतिवादीच्या खर्चाची भरपाई.

आता यात बघा, लिहिणारा व्हर्बोस होता का? असेलही. पण गुन्हा तो नव्हता. एकेक वाक्य कदाचित नेटकंच असेल; नको असलेली वाक्यं १०४ तावांची होती. व्हर्बोस मजकूर वाक्य आवळून बरा होतो, प्रोलिक्स मजकुरातून पानंच काढावी लागतात. ज्युनिअरचा मसुदा हातात आला की मी आधी हेच ठरवतो, लाल पेन घ्यायचं की कात्री.

---

तिसरा_मजला | ८:५२

आमच्या खजिनदारांना हा हुकूम छापून देऊ का?

---

काळा_डगला | ८:५५

द्या. भोक गच्चीवर पाडा, जिन्यात गर्दी होईल.

---

ओपीडी_नंतर | ९:३०

डॉक्टर म्हणून छोटीशी भर. बोलण्याचा महापूर हे कधी कधी लक्षण असतं, तेव्हा यातला कुठलाही शब्द लावू नये. मॅनियाच्या, म्हणजे मन अतोनात उधाणतं त्या आजाराच्या, झटक्यात दिसतं त्याला आम्ही 'प्रेशर ऑफ स्पीच' म्हणतो. रुग्ण भरधाव बोलतो, मध्ये थांबवता येत नाही, झोप कमी झालेली असते आणि खर्च किंवा बेत अवाच्या सवा वाढलेले असतात. व्हॉल्युबल माणसाला तुम्ही "एक मिनिट" म्हणालात तर तो थांबतो, निदान चिडतो. इथे तुमचं "एक मिनिट" पोचतच नाही. एरवी मितभाषी असलेला घरातला माणूस चार-पाच दिवसांत असा बदलला तर "हल्ली फार बोलायला लागलाय" म्हणून हसण्यावारी नेऊ नका, दाखवून घ्या.

---

जुनं_पान | दुपारी १२:२०

बडबड्यांचे प्रकार पाडायचा उद्योग ॲरिस्टॉटलच्या शिष्यानेही केलाय, हे इथे कोणी आणलं नाही म्हणून टंकाळा झटकून लिहिते.

थिओफ्रास्टस. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला. त्याने माणसांच्या स्वभावाचे तीस छोटे नमुने लिहिले, आणि त्यात बोलणाऱ्यांचे दोन वेगळे नमुने आहेत. पहिला अनोळखी माणसाच्या शेजारी जाऊन बसतो. आधी स्वतःच्या बायकोचं कौतुक, मग काल रात्री पडलेलं स्वप्न, मग जेवणात काय काय होतं ते पदार्थवार. मग हल्लीची माणसं पूर्वीसारखी राहिली नाहीत, बाजारात गहू काय भावाने आहे, शहरात परके किती वाढलेत, पाऊस पडला तर पिकं बरी येतील. दोन हजार तीनशे वर्षं झाली, एसटीत शेजारच्या सीटवर आजही हाच बसतो.

दुसरा नमुना वेगळा. हा समोरच्याला बोलू देत नाही. कोणी काही सांगायला लागला की "ते मला माहितीये, माझं ऐक, तुला सगळं कळेल." पंच म्हणून बसला तर इतरांना निर्णय देऊ देत नाही, नाटकाला गेला तर बघू देत नाही, पंगतीत जेवू देत नाही. शाळेत शिरून मास्तरांशी गप्पा मारतो आणि पोरांचा अभ्यास बुडवतो. शेवट फार गोड आहे: त्याची स्वतःची मुलं झोप यावी म्हणून त्याला म्हणतात, "बाबा, आमच्याशी बोला ना, म्हणजे झोप लागेल."

पहिला इंग्रजीतला गॅरुलस, अगदी तिसरा_मजला यांचे काका. दुसऱ्याला मात्र मास्तरांच्या सातांपैकी एकही नीट बसत नाही. लोक्वेशस म्हणाल, पण लोक्वेशस दुसऱ्याची जागा बळकावतोच असं नाही. इंग्रजीत यासाठी चांगलं एकच विशेषण मला तरी सुचत नाही.

---

मेघना_मावशी | १२:४१

सुचत नाही कारण ज्यांच्याबद्दल ते वापरावं लागलं असतं, तेच शब्दकोश लिहीत होते.

---

जुनं_पान | १२:४४

मावशी, दंडवत.

---

फळा_आणि_खडू | संध्याकाळी ६:५०

सगळे प्रतिसाद नीट वाचले. मराठी जोडांच्या बाबतीत मला आता एक गोष्ट दिसते आहे. आपण विशेषणं शोधत होतो, आणि तिथे आपल्याकडे बडबड्या, बोलका, गप्पिष्ट, वाचाळ, बोलघेवडा, तोंडाळ यांच्यापुढे फारसं जाता येत नाही. (त्यातही बोलघेवडा फक्त बोलतो, करत काही नाही, म्हणजे तक्रार तिसरीच.) पण मराठी माणूस या बाबतीत विशेषणांनी बोलतच नाही, तो क्रियापदांनी बोलतो. टकळी चालू असते. वटवट करतो. गुऱ्हाळ लावतो. पाल्हाळ लावतो. चऱ्हाट वळतो. तोंडाची वाफ दवडतो. तोंडाचा पट्टा सुटतो. नमनाला घडाभर तेल जाळतो.

आणि इथे फरक अगदी चोख आहेत. पट्टा सुटतो तो व्हॉल्युबल, वहिनींचा पार्किंगवरचा. पाल्हाळ लागतो तो प्रोलिक्स, पणजोबांच्या स्वभावाची दोन पानं. नमनाचं तेल व्हर्बोसच्या जवळ जातं, पूर्ण जुळत नाही, कारण ते सुरुवातीपुरतं असतं. गुऱ्हाळ आणि टकळी लोक्वेशसला लावता येणार नाही, त्यात शिसारी आहे. गाइडवाल्याने उजवीकडे एकेक विशेषण बसवायचा हट्ट धरला म्हणून त्याच्या हाती सात वेळा बडबड्या लागला.

उद्यापासून वर्गात उजवीकडे वाक्यं लिहिणार.

---

परीक्षा_जवळ_आली | ७:३०

सर, मी इथे फक्त वाचक असते, पण विचारते. गॅरुलस आणि लोक्वेशस दोन्ही आले तर मग करायचं काय? आणि ग्लिब कुठे बसतो? तोही त्याच पानावर आहे.

---

फळा_आणि_खडू | ७:४८

वाक्यात वय, किरकोळ गोष्टी, कंटाळा, जुन्या आठवणी यांचा वास आला तर गॅरुलस. पाहुणा, यजमान, वक्ता, मुलाखत, मैफल असं काही असेल आणि लिहिणाऱ्याला राग आलेला नसेल तर लोक्वेशस. वाक्यच नसेल, नुसता 'टॉकेटिव्ह'चा समानार्थी विचारला असेल, तर दोन्ही एकाच प्रश्नात देणारा पेपर सेटर सहसा सापडत नाही. सापडला तर आक्षेप नोंदवायची खिडकी असते, ती वापरायची.

ग्लिबला त्या पानावरून खोडून टाक. तो जास्त बोलण्याचा शब्दच नाही. मुळात गुळगुळीत, निसरडा असा त्याचा अर्थ, आणि ग्लिब माणूस दोनच वाक्यं बोलेल, पण ती इतकी सफाईदार असतील की आत विचार नाही हे नंतर कळतं. ब्रोकरला विचारलं "पावसाळ्यात गळती होते का?" आणि तो क्षणात म्हणाला "सर, बांधकामच तसं आहे", तर ते ग्लिब.

---

लॉगफाईल | ७:५५

"बांधकामच तसं आहे" मध्ये तो खरंच बोलला की.

---

परीक्षा_जवळ_आली | ८:०२

कळलं सर. व्हॉल्युबलचं स्पेलिंग लिहिताना व्हॅल्युएबल होतं, तेवढं सांभाळते.

---

ओपीडी_नंतर | ८:१०

सांभाळच. आमच्या रुग्णालयात एका शिकाऊ डॉक्टरच्या शिफारसपत्रात टायपिस्टने नेमका उलटा घोळ केला होता. 'व्हॉल्युबल मेंबर ऑफ द टीम' असं छापून आलं, वरिष्ठांनी न वाचता सही केली. त्याला ओळखणाऱ्या कोणालाच त्यात चूक दिसली नाही.